विद्यापीठात संशोधनाला आणि रोजच्या कामाला साथ देणारी संगणक सेवा कशी उभारावी

पुण्याला संगणनाची मोठी परंपरा आहे. १९८८ मध्ये येथे प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, स्थापना झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. आज पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हवामानाच्या अंदाजासाठी ‘अर्का’ हा महासंगणक चालतो, आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) ‘परम ब्रह्म’ आहे आणि रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधनासाठी ‘परम रुद्र’ २०२४ मध्ये सुरू झाला. याच शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात मात्र पीएच.डी.ची विद्यार्थिनी आपली कित्येक महिन्यांची निरीक्षणे एकाच पेन ड्राइव्हवर घेऊन फिरते, आणि तिच्या विभागाने संशोधन निधीतून घेतलेला सर्व्हर कोणाला वापरता येत नाही म्हणून कपाटाशेजारी बंद पडलेला असतो. ही दरी यंत्रांच्या कमतरतेमुळे पडलेली नाही. कोणाला काय मिळणार, किती काळ मिळणार आणि अडचण आली तर उत्तर कोण देणार, हे ठरलेले नसल्यामुळे ती पडली आहे.

विद्यापीठाच्या किंवा मोठ्या महाविद्यालयाच्या संगणक केंद्राची जबाबदारी नव्याने ज्यांच्याकडे आली आहे, अशा प्राध्यापकांसाठी आणि तांत्रिक अधिकाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. पायऱ्यांचा क्रम विचारपूर्वक ठेवला आहे. बहुतेक ठिकाणी काम खरेदीपासून सुरू होते, आणि मागणी, ओळख व साठवण या गोष्टींचा विचार यंत्र दारात उतरल्यावर होतो. येथे तो क्रम उलटा केला आहे.

आधी मागणीची नोंद

पहिले काही आठवडे काहीही विकत न घेता प्रत्येक विभागात जाऊन बसावे. ‘तुम्हाला कोणता संगणक हवा’ असे विचारल्यास ‘सर्वांत वेगवान’ असेच उत्तर मिळते, म्हणून प्रश्न कामाबद्दल विचारावेत. तुमची सर्वांत मोठी फाइल केवढी आहे, दर महिन्याला त्यात किती भर पडते, विश्लेषण सध्या कोठे चालते आणि एका आवर्तनाला किती तास लागतात, हे लिहून घ्यावे. त्यानंतर एक प्रश्न आवर्जून विचारावा: हा विदा (डेटा) उद्या नाहीसा झाला, तर तो पुन्हा मिळवता येईल का? रसायनशास्त्रातील सिम्युलेशनचे निष्कर्ष पुन्हा गणन करून मिळू शकतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने दूरच्या पाड्यावर एका वृद्ध वक्त्याचे केलेले ध्वनिमुद्रण पुन्हा मिळत नाही. साठवणुकीवरील खर्चाची वाटणी या फरकावर ठरवायची असते.

विभागांच्या गरजा एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. भूगोल विभागाला उपग्रह प्रतिमा आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरसाठी भरपूर मेमरी लागते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या विदेसाठी एखादा चांगला डेस्कटॉप पुरतो, पण त्याला सांख्यिकी सॉफ्टवेअरचा परवाना हवा असतो. जीवशास्त्राला जनुकीय क्रमवारीच्या प्रचंड फाइली ठेवायला जागा हवी असते. मराठी आणि इतिहास विभागांना गणनशक्तीपेक्षा मजकूर हाताळण्याची मदत अधिक लागते, आणि नेमकी हीच गरज सर्वेक्षणातून निसटते, कारण ते विभाग संगणक केंद्राकडे काही मागत नाहीत.

याच नोंदीत विद्यापीठाचे वर्षही उतरवावे. प्रवेश, परीक्षा अर्ज, हॉल तिकिटे, निकाल आणि प्रबंध सादर करण्याच्या मुदती यांच्या तारखा एका तक्त्यावर आल्या, की देखभालीसाठी यंत्रणा कधी बंद ठेवता येईल हे आपोआप दिसते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये संलग्न आहेत. निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर येणारी गर्दी किती दूरवरून येते, याची कल्पना या एका गोष्टीवरून यावी. वीज आणि पाण्याची देखभालीची कामे पुण्यात बहुधा गुरुवारी निघतात, म्हणून केंद्राच्या स्वतःच्या देखभालीसाठीही गुरुवार सकाळ सोयीची पडते: वीज जाणारच असेल, तर यंत्रे आधी नीट बंद केलेली बरी.

प्रत्येकाला एकच ओळख

दुसरी पायरी खात्यांची आहे. वाय-फायसाठी एक पासवर्ड, ग्रंथालयासाठी दुसरा, ई-मेलसाठी तिसरा आणि क्लस्टरसाठी (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहासाठी) चौथा अशी व्यवस्था असेल, तर विद्यार्थी ते सारे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो, आणि तो विद्यापीठ सोडून गेल्यावर त्यांपैकी दोन खाती वर्षानुवर्षे उघडी राहतात. म्हणून एकच मध्यवर्ती ओळख तयार करावी आणि ती विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाशी, तर कर्मचाऱ्याच्या सेवा क्रमांकाशी जोडावी. खात्याचे नाव व्यक्तीच्या नावावरून बनवू नये. लग्नानंतर अनेक स्त्रियांचे नाव व आडनाव बदलते, आणि नावावर बेतलेले खाते अशा वेळी तोडून पुन्हा जोडावे लागते. मूळ ओळख क्रमांकाची ठेवावी आणि दिसणारे नाव अर्ज करून बदलता यावे. ते नाव देवनागरीतही नोंदवून घ्यावे, कारण पदवी प्रमाणपत्रावर ते लागणारच आहे. रोमन लिपीतून परत देवनागरीत उतरवताना ‘साठे’चे ‘साथे’ होते.

या एका ओळखीवर बरेच काही उभे राहते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या इन्फेड या लॉगिन व्यवस्थेशी ती जोडली, तर ग्रंथालयाने घेतलेली नियतकालिके विद्यार्थ्याला घरूनही वाचता येतात. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली असून तीत सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी खुली झाली आहेत. आवाराबाहेरून वाचण्याची सोय नसेल, तर गावी राहून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत या योजनेचा लाभ पोहोचत नाही. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांसाठी एज्युरोम ही वाय-फाय सेवा घ्यावी. भारतात तिचे समन्वयन एर्नेट इंडिया ही शैक्षणिक जाळ्याची सरकारी संस्था करते, आणि पाहुण्याला स्वतःच्या संस्थेचाच पासवर्ड येथे चालतो.

ई-मेलबाबत एक हिशेब आधीच करून ठेवावा. शिक्षण संस्थांना गूगल पूर्वी अमर्याद जागा देत असे. २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची सामाईक मर्यादा लागू झाली. पन्नास हजार खाती असलेल्या संस्थेत ही जागा प्रत्येकी सुमारे दोन गिगाबाइट येते. काही खात्यांत संपूर्ण वर्गांची व्हिडिओ मुद्रणे साठलेली असतात, म्हणून कोटा पहिल्याच दिवशी जाहीर करावा. माजी विद्यार्थ्यांची खाती किती महिने चालू राहतील, हेही प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगावे. माझ्या मते पदवीनंतर सहा महिने आणि पीएच.डी.नंतर एक वर्ष ही मुदत रास्त आहे, कारण शोधनिबंधाचे परीक्षण प्रबंधानंतरही रेंगाळते आणि पत्रव्यवहार त्याच पत्त्यावर चालू असतो.

विदेची साठवण

माझ्या दृष्टीने सर्वाधिक लक्ष आणि सर्वाधिक पैसा या पायरीवर द्यावा. गणनयंत्र बंद पडले, तर संशोधन आठवडाभर थांबते. विदा गेला, तर ते संपते.

साठवणुकीचे तीन थर करावेत. पहिला रोजच्या कामाचा: येथे प्रत्येक संशोधकाला ठरावीक कोटा असावा आणि त्याचा रोज बॅकअप व्हावा. दुसरा तात्पुरत्या फाइलींचा, ज्याला क्लस्टरवर ‘स्क्रॅच’ म्हणतात: तो वेगवान असतो, मोठा असतो आणि त्याचा बॅकअप होत नाही. जुन्या फाइली येथून ठरावीक दिवसांनी आपोआप काढल्या जातील, हे लॉगिनच्या पडद्यावरच मराठीत लिहावे. तिसरा थर जतनाचा: पूर्ण झालेल्या प्रकल्पाचा विदा येथे येतो, नंतर बदलत नाही, आणि तो दहा वर्षांनी उघडावा लागेल असे गृहीत धरलेले असते.

बॅकअपचा प्रस्थापित नियम असा आहे: विदेच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक वेगळ्या जागी. यात दोन गैरसमज फार आढळतात. रेड पद्धतीने (अनेक डिस्क एकच असल्यासारख्या वापरून) जोडलेल्या डिस्क म्हणजे बॅकअप, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात रेड एखादी डिस्क निकामी झाल्यावर काम चालू ठेवते, पण चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकदमच पुसली जाते. दुसरा गैरसमज असा, की शेजारच्या खोलीतील प्रत ही वेगळ्या जागेची प्रत होय. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरले किंवा शॉर्ट सर्किट झाले, तर दोन्ही खोल्या एकदम जातात. नाशिकच्या किंवा अहिल्यानगरच्या एखाद्या महाविद्यालयाशी परस्पर करार करून एकमेकांच्या सांकेतिक स्वरूपातील (एन्क्रिप्ट केलेल्या) प्रती ठेवणे हा कमी खर्चाचा आणि भरवशाचा मार्ग आहे. ज्या किल्लीने प्रत उघडते, ती दोन जबाबदार व्यक्तींकडे असावी, म्हणजे एक जण रजेवर किंवा निवृत्त झाल्याने विदा कायमचा कुलूपबंद होत नाही.

बॅकअप घेतला जातो, याचा पुरावा म्हणून हिरवा दिवा पाहून समाधान मानू नये. दर तिमाहीत यादृच्छिकपणे निवडलेल्या एका विभागाच्या काही फाइली खरोखर परत आणून त्या विभागातल्याच माणसाकडून उघडून घ्याव्यात आणि त्याची नोंद सहीनिशी ठेवावी. जतनाच्या थरात प्रत्येक फाइलीसोबत तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणन केलेला ओळख-आकडा, साठवावा आणि वर्षातून एकदा तो पुन्हा काढून ताडून पाहावा. डिस्कवर कोणाच्याही नकळत झालेला बदल त्यातून पकडला जातो.

विदा हलवण्याचा वेळही संशोधकांना आधीच सांगावा. १०० मेगाबिटच्या जोडणीवरून एक टेराबाइट पाठवायला, जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी, सुमारे २२ तास लागतात. एक गिगाबिटवर हेच काम सव्वादोन तासांत होते. खोडदच्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीचे निरीक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा हिशेब लगेच पटतो. अशा विभागांपर्यंत वेगवान फायबर नेणे हे नवा सर्व्हर घेण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

माणसांविषयीच्या विदेसाठी वेगळी वाट लागते. मुलाखती, रुग्णांच्या नोंदी, विद्यार्थ्यांची सर्वेक्षणे यांच्याबाबत डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ध्यानात ठेवावा. संशोधन व सांख्यिकीसाठी त्यात सवलत आहे, पण त्या विदेवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार नाही आणि विहित मानके पाळली जातील, अशा अटींवरच ती मिळते. व्यवहारात याचा अर्थ असा, की नावे आणि उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत, त्यांना जोडणारा तक्ता केवळ मुख्य संशोधकाला उघडता यावा आणि संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीची प्रत प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच असावी. प्रत्येक फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक माहिती-फाइलही असावी: विदा कोणी, कधी, कोठे व कोणत्या उपकरणाने गोळा केला आणि स्तंभांच्या शीर्षकांचा अर्थ काय. ही एक पानाची सवय लागली, तर मार्गदर्शक बदलल्यावरही काम पुढे नेता येते.

जाळे आणि वसतिगृहे

जाळ्याविषयी थोडक्यात. शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याची (एनकेएन) जोडणी असेल, तर तिच्याशिवाय एका वेगळ्या सेवादात्याची जोडणीही ठेवावी, आणि दोन्ही केबली आवारात वेगवेगळ्या बाजूंनी याव्यात. रस्ता खोदाईत एकाच चरातल्या दोन केबली एकदम तुटतात. गणेशखिंडीतील विद्यापीठाची मुख्य इमारत, डेक्कन कॉलेज, फर्ग्युसन यांसारख्या जुन्या वास्तूंच्या जाड दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय संकेत फारसा जात नाही, म्हणून तेथे कॉरिडॉरमध्ये एक मोठे उपकरण लावण्याऐवजी प्रत्येक दालनात लहान उपकरण लावावे लागते, आणि वारसा वास्तूत केबल कोठून न्यायची याची परवानगी आधी घ्यावी लागते. वसतिगृहात अडचण उलटी असते: उपकरणे फार जवळ असतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे वाहिनी क्रमांक तीनच आहेत, १, ६ आणि ११, त्यामुळे शेजारच्या खोल्यांची मांडणी कागदावर आखूनच करावी. विद्यार्थ्यांनी स्वतः आणलेले राउटर का चालणार नाहीत, याचे कारणही तेव्हाच समजावून सांगावे.

गणनशक्तीची शिडी

आता यंत्रांकडे. प्रत्येक संशोधकाला महासंगणक लागत नाही. त्याच्या कामाला योग्य पायरी दाखवणे हेच केंद्राचे खरे काम आहे. स्वतःचा लॅपटॉप, विभागाचा सामाईक सर्व्हर, विद्यापीठाचा क्लस्टर आणि राष्ट्रीय सुविधा अशा या चार पायऱ्या आहेत. लॅपटॉपवर आठवडा घेणारे काम पुष्कळदा प्रोग्राममधील एक आवर्तन (लूप) नीट लिहिल्याने काही तासांवर येते, म्हणून क्लस्टरवर खाते देण्यापूर्वी प्रत्येकाशी अर्धा तास बोलावे. प्रोग्रामचा दहा टक्के भाग क्रमानेच चालणारा असेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी वेग दहापटीपलीकडे जात नाही. अशा विद्यार्थ्याला चौसष्ट कोअर (प्रोसेसरमधील गणन करणारे घटक) देऊन उपयोग नाही.

क्लस्टरवर रांग सांभाळण्यासाठी स्लर्म ही मुक्त प्रणाली बहुतेक ठिकाणी वापरली जाते आणि नवीन क्लस्टरसाठीही तीच घ्यावी, कारण येथे शिकलेला विद्यार्थी राष्ट्रीय सुविधेवर गेला तरी त्याला तेच आदेश पुन्हा भेटतात. रांगेचे नियम ठरवताना तीन गोष्टींवर वेळ घालवावा. पहिली, न्याय्य वाटप: ज्या गटाने गेल्या काही आठवड्यांत अधिक वापर केला, त्याचा अग्रक्रम आपोआप खाली यावा, म्हणजे विभागप्रमुखांच्या दूरध्वनीवर रांग बदलण्याची वेळ येत नाही. दुसरी, वेळेची मर्यादा. मोठा जॉब, म्हणजे रांगेत दिलेले काम, पुरेसे नोड (क्लस्टरमधील संगणक) मोकळे होण्याची वाट पाहत असताना, त्या मधल्या काळात संपू शकणारे छोटे जॉब स्लर्म पुढे घेतो. पण जॉबला लागणारा वेळ वापरकर्त्याने खरा सांगितला असेल, तरच हे जमते. दोन तासांच्या कामासाठी सवयीने सात दिवस मागणारा विद्यार्थी स्वतःच रांगेत मागे पडतो. हे उदाहरण देऊन शिकवले, तर तो पुढच्या वेळी नेमका आकडा टाकतो. तिसरी, मध्यबिंदू जतन करणे: दीर्घ काम दर काही तासांनी आपली स्थिती फाइलीत लिहीत असेल, तर वीज गेल्यावर ते तेथून पुढे सुरू होते.

प्रवेशाच्या नोडवर, म्हणजे जेथे सगळे लॉगिन करतात त्या यंत्रावर, कोणीही गणन चालवू नये. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, म्हणून तेथे प्रत्येक वापरकर्त्यावर मेमरी आणि प्रोसेसरची तांत्रिक मर्यादाच घालावी. तसेच लाखो छोट्या फाइली ही सामाईक साठवणुकीची मोठी डोकेदुखी असते. लस्टरसारख्या सामाईक फाइल प्रणालीत एक मोठी फाइल वेगाने वाचली जाते, पण तेवढाच विदा लाखभर तुकड्यांत असेल, तर फाइलींच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर गुदमरतो आणि सगळ्यांचेच काम मंदावते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची कोंडा वातावरणे, म्हणजे लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे असंख्य फाइलींचे संच, हे याचे नेहमीचे उदाहरण. त्यांऐवजी ॲपटेनर या सॉफ्टवेअरचा एकच कंटेनर बनवून द्यावा. त्यात सारे सॉफ्टवेअर एका फाइलीत राहते, आणि पाच वर्षांनी निष्कर्ष पडताळायचे असतील, तर तेच वातावरण जसेच्या तसे उघडता येते.

चौथ्या पायरीची माहिती केंद्राने स्वतः मिळवून ठेवावी. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून देशभर महासंगणक उभे राहिले, आणि आपले शहर याबाबत भाग्यवान आहे: या मोहिमेतील यंत्रणा उभारणारी सी-डॅक येथेच आहे, तिची नॅशनल परम सुपरकॉम्प्युटिंग फॅसिलिटीही येथेच आहे. अर्ज करताना विद्यार्थ्याने आपल्याकडच्या छोट्या क्लस्टरवर घेतलेली मोजमापे जोडावीत: किती कोअरवर किती वेळ लागला, कोअर दुप्पट केल्यावर तो किती कमी झाला. हा तक्ता जोडलेला असेल, तर परीक्षकाला मागणीचा आधार दिसतो. म्हणूनच विद्यापीठाचा छोटा क्लस्टर शिकण्याची आणि मोजण्याची जागा म्हणून मोलाचा आहे, त्याची क्षमता कमी असली तरी.

मराठी मजकुराची सेवा

हा भाग बहुतेक संगणक केंद्रांच्या सेवायादीत नसतो, आणि तो असावा याविषयी मी आग्रही आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज ज्या शहरात आहेत, तेथे मजकुरावर काम करणाऱ्या अभ्यासकांची संख्या लहान नाही.

पहिले काम जुन्या फॉन्टमधील मजकुराचे. श्री-लिपी आणि सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या फॉन्टांत लिहिलेल्या हजारो फाइली विभागांकडे पडून आहेत. या फाइलींत अक्षरे देवनागरीची दिसली, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची व चिन्हांची मालिका असते. परिणामी तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकूर वाचता येत नाही, त्यात शोध घेता येत नाही आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहावर, चढवलेला प्रबंध केवळ चित्रासारखा राहतो. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही असा मजकूर कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नसते, पण जो मजकूर यंत्राला वाचताच आला नाही, त्याच्या अहवालातील शून्य टक्क्याला काही अर्थ नाही.

रूपांतर करताना प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता लागतो. शिवाय जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या प्रमाणित संकेतप्रणालीत, दोन्हींची जागा उलटी असते. जोडाक्षर मोठे असेल, तर साधे तक्ते येथे चुकतात. म्हणून रूपांतरानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेले शब्द वेगळे काढून माणसाकडून तपासून घ्यावेत. संपूर्ण मजकूर तपासण्यापेक्षा हे पुष्कळ लवकर होते.

युनिकोडमध्ये आल्यावरही काम संपत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो: नुक्तायुक्त ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच: त्यासाठी स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले, पण अ आणि अर्धचंद्र जोडून लिहिण्याची सवय अजून आहे. युनिकोडचे ठरलेले सामान्यीकरण या दोन्ही जोड्यांना एक मानत नाही. म्हणून मजकूर-संग्रहात शिरताना प्रत्येक फाइलीतील अशी रूपे एकाच पद्धतीत आणणारा छोटा प्रोग्राम केंद्राने लिहून सर्वांना द्यावा. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या अभ्यासकाचे आकडे यामुळे खरे होतात.

छापील पुस्तकांसाठी टेसरॅक्टमध्ये, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, मराठीचे प्रारूप उपलब्ध आहे आणि चांगल्या छपाईवर ते उपयोगी पडते. शिळाप्रेसवरील पुस्तकांत चुका इतक्या येतात, की टंकलेखन करून घेणेच स्वस्त पडते. प्रतिमा निदान ३०० डीपीआयची घ्यावी आणि मूळ टिफ फाइल जतनाच्या थरात ठेवावी, कारण पुढे अधिक चांगले सॉफ्टवेअर आले की तीच पुन्हा लागते. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झाली, त्यामुळे कागदपत्रांचे लिप्यंतर करताना मूळ मोडी पाठही शेजारी नोंदवता येतो.

मदत करणारी माणसे

या सर्व सेवा माणसांच्या आधारे चालतात, आणि नेमकी ही पदे अर्थसंकल्पात सर्वांत शेवटी येतात. मदतकक्षाला एकच क्रमांक व एकच पत्ता असावा, आलेल्या प्रत्येक अडचणीला नोंद क्रमांक मिळावा आणि पहिले उत्तर किती तासांत मिळेल हे जाहीर असावे. सूचना मराठीतून लिहाव्यात. ग्रामीण भागातून आलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आपली अडचण इंग्रजीत मांडता येत नाही म्हणून विचारतच नाही, आणि मदतकक्षाच्या नोंदीत अडचण दिसत नाही म्हणून सर्व ठीक आहे असा समज होतो. ‘एरर आला’ एवढेच लिहून पाठवणाऱ्याला पुढे काय पाठवायचे, म्हणजे पडद्याचे चित्र, वेळ, खाते क्रमांक आणि त्याआधी केलेली कृती, हे सांगणारा छोटा नमुना अर्ज फार वेळ वाचवतो.

संशोधनासाठी मात्र मदतकक्ष पुरत नाही. प्रोग्रामिंग जाणणारी आणि संशोधनाची भाषा समजणारी निदान एक व्यक्ती पूर्णवेळ असावी. आठवड्यातून एक दुपार ठरवून ती ग्रंथालयात बसावी, आणि ज्याला हवे त्याने आपला लॅपटॉप घेऊन यावे. संगणक केंद्राच्या काचेच्या दारापेक्षा ग्रंथालयात विद्यार्थी सहज येतात. वर्षाच्या सुरुवातीला नवीन पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी लिनक्स, गिट (प्रोग्राममधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि क्लस्टरची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी आणि ती संशोधन पद्धतीच्या अभ्यासक्रमातच बसवावी, म्हणजे उपस्थितीचा प्रश्न उरत नाही.

सुरक्षितता

संस्थेत सायबर घटना घडल्यास ती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत कळवणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस सांभाळणे हे २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. सहा तास फार थोडे असतात. कोणी कोणाला कळवायचे, कुलसचिवांना कोण सांगणार आणि जाळ्यापासून यंत्र तोडण्याचा अधिकार रात्री दोन वाजता कोणाला आहे, हे एका पानावर लिहून भिंतीवर लावावे. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच वेळेशी जुळलेली असावीत, नाहीतर नोंदींचा क्रम लागत नाही. क्लस्टरवर पासवर्डने प्रवेश बंद करून एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची ओळख-फाइल) सक्तीची करावी, आणि परीक्षा व वित्त विभागांच्या खात्यांना दुहेरी पडताळणी पहिल्या दिवसापासून लावावी. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे सॉफ्टवेअर जाळ्यावरील बॅकअपही गाठते, म्हणून एक प्रत नेहमी जाळ्यापासून तुटलेली असावी.

वीज, पैसा आणि यंत्राचा शेवट

सर्व्हरची किंमत निविदेत दिसते, विजेची दिसत नाही. दोन किलोवॅट घेणारा एक जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर असलेला) सर्व्हर दिवसरात्र चालला, तर वर्षाला १७,५२० युनिट लागतात, आणि तेवढीच उष्णता खोलीबाहेर काढायला वातानुकूलनाची वीज वेगळी. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता काढते. म्हणजे त्या एका सर्व्हरला अर्ध्या टनाहून अधिक क्षमता अखंड लागते. म्हणून संशोधन प्रकल्पातून यंत्र घेणाऱ्या प्राध्यापकाने प्रस्तावातच वीज, जागा आणि देखभाल करार यांचा खर्च दाखवावा, आणि केंद्राने त्यासाठी तयार आकडे पुरवावेत. पाच वर्षांनी यंत्र बदलावे लागेल, असे धरून दरवर्षी पंचमांश रक्कम बाजूला ठेवण्यास वित्त विभागाला राजी करावे. यूपीएसच्या बॅटऱ्या त्याहून आधी जातात, त्यांची तारीख बॅटरीवरच लिहून ठेवावी.

विभागांनी आणलेले स्वतंत्र सर्व्हर केंद्राच्या खोलीत आणून क्लस्टरला जोडावेत, अशी योजना करावी. यंत्र देणाऱ्या गटाला त्याच्यावर पहिला हक्क राहावा आणि तो वापरत नसेल तेव्हा इतरांचे जॉब तेथे चालावेत. मूळ गटाचा जॉब आला, की पाहुणा जॉब थांबून पुन्हा रांगेत जावा. स्लर्ममध्ये ही सोय आहे. लेखी हमी दिल्याशिवाय प्राध्यापक आपले यंत्र सोपवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून करार एक पानाचा, सोप्या मराठीत आणि दोन्ही बाजूंच्या सहीचा असावा.

यंत्र निकाली काढताना ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जावे. त्याआधी प्रत्येक डिस्क पुसावी. जी डिस्क बंद पडल्याने पुसता येत नाही, ती भोक पाडून निकामी करावी. डिस्कचा अनुक्रमांक, तिच्यावर कोणत्या विभागाचा विदा होता, तो जतनाच्या थरात पोहोचल्याची तपासणी कोणी केली आणि डिस्क कोणत्या दिवशी नष्ट केली, या चार रकान्यांची वही केंद्रात ठेवावी आणि विभागाच्या प्रतिनिधीची सही झाल्याशिवाय यंत्र दाराबाहेर जाऊ देऊ नये.